खुणेला खूण

अंगणात जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर पाने ओळीने मांडले होते: आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा. शेजारी गोट्यांची पेटी, लांब हँडल, लोखंडी पाइपाचा हातभर तुकडा, फिलर गेज आणि कुणाकडून तरी मागून आणलेला टॉर्क पाना. एका ताटात वेगवेगळ्या वाट्या होत्या, उतरवलेले नट-बोल्ट ठेवायला. प्रत्येक वाटीत कागदाचा कपटा होता, त्यावर कोणत्या भागाचे ते लिहिलेलं. हे सगळं झाल्यावर बॉनेट उघडलं गेलं.

पुण्यात सांगवीतल्या एका घराचं हे अंगण. गाडी १९९८ची मारुती ८००, पांढरी, कार्ब्युरेटरची. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून घेतलेली. आता ती त्यांची मुलगी, ताई, चालवते. ती कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वडील व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. अंगणातले तिसरे गृहस्थ म्हणजे गल्लीतले काका. औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून ते एसटीत लागले आणि दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झाले. काम करणार होती ती. काका बघणार होते, आणि चुकायला लागली तर थांबवणार होते.

यंदाच्या अंकाचा विषय ‘दुरुस्ती’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला घरातल्या घरात होणाऱ्या एखाद्या अवघड दुरुस्तीला आरंभापासून अखेरपर्यंत हजर राहायचं होतं. ऑइल बदलणं, प्लग साफ करणं, पंक्चर काढणं पुष्कळ जण करतात. टायमिंग बेल्ट मात्र बहुतेकांना परका. तो दिसत नाही, वाजत नाही, आणि त्याला हात लावायचा म्हणजे इंजिनाचा अख्खा हिशेब काही वेळ मोकळा सोडायचा.

‘बॅटरीची मायनस काढलीस?’ काकांनी विचारलं.

‘काढली, काका.’

‘मागच्या चाकांना दगड?’

‘दोन्हीकडून लावलेत.’

‘आणि जॅकच्या भरवशावर कुणी हात आत घालायचा नाही. आधी घोडी लाव.’

तिने टायमिंगच्या बाजूचं पुढचं चाक उचललं, गाडी खाली घोडीवर टेकवली आणि पुढच्या पत्र्याला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. काकांनीही पाहिलं. मग कामाला सुरुवात झाली.

आत काय चालतं

इंजिनाच्या तळाशी क्रँक फिरतो. पिस्टन वरखाली होतात ते त्याच्यामुळे, किंवा खरं तर तेच त्याला फिरवतात. वर, हेडमध्ये, कॅमशाफ्ट असतो. त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. हवा-पेट्रोल आत घेणं, ते दाबणं, ठिणगीने पेटवणं आणि जळका वायू बाहेर टाकणं या चार कामांत क्रँकचे दोन फेरे होतात आणि कॅमचा एक. म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात. हे दोन फेऱ्यांना एक असं नातं ज्याच्यामुळे टिकतं तो म्हणजे टायमिंग बेल्ट: आतल्या अंगाला दाते असलेला, बोटभर रुंदीचा रबरी पट्टा.

मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, म्हणजे एकूण सहा. गाडी मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालली की क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो, कॅम २५ वेळा, आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. वहीच्या मागच्या पानावर ताईंनी आणखी एक आकडेमोड केली होती. ताशी सरासरी ४० किलोमीटरने ६० हजार किलोमीटर जायला १५०० तास लागतात. मिनिटाला सरासरी २००० फेरे धरले तरी तेवढ्यात क्रँकचे १८ कोटी फेरे होतात. या सगळ्या काळात त्या पट्ट्याने एकही दात चुकवायचा नसतो.

बेल्ट दिसायला साधा असला तरी तो निव्वळ रबर नसतो. ताण पेलतात ते आत लांबीने गेलेले काचतंतूंचे दोरे. त्यांच्याभोवती रबर, आणि दातांवर झीज सोसणारं नायलॉनचं कापड. काचतंतू ओढ उत्तम सहन करतात, पण त्यांना मुरड सोसत नाही. म्हणून नवा बेल्ट हातात घेतल्यावर तो आठच्या आकड्यासारखा पिळायचा नाही, दुमडून खिशात घालायचा नाही, पेचकसाने उचकटून पुलीवर चढवायचा नाही. बाहेरून काही दिसणार नाही, आत दोरे तुटलेले असतील. दुसरा शत्रू तेल. कॅमच्या किंवा क्रँकच्या ऑइल सीलमधून पाझरलेलं तेल बेल्टवर येत राहिलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि दाते बुडातून सुटायला लागतात. तिसरं कारण नुसतं वय. गाडी चालो न चालो, इंजिनाच्या उष्णतेने आणि वर्षांनी रबर कडक होतं. त्यामुळे कंपन्या किलोमीटरबरोबर वर्षांचीही मुदत सांगतात, आणि दोन्हींतलं जे आधी येईल ते धरायचं असतं. बऱ्याच गाड्यांना ही मुदत ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान असते. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जाणाऱ्या जुन्या गाडीचे किलोमीटर भरतच नाहीत, आणि मालक निर्धास्त राहतो. माझ्या मते जुन्या गाड्यांचा खरा धोका हा आहे.

काही इंजिनांत बेल्टच्या जागी चेन असते. ती सैल झाली की खडखडते. बेल्ट कसलीही सूचना देत नाही.

शिवणयंत्रापासून डिंगोल्फिंगपर्यंत

दात्यांचा पट्टा मोटारीसाठी जन्मला नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेत तो तयार झाला, आणि त्याच्या सुरुवातीच्या उपयोगांत शिवणयंत्र होतं: वरची सुई आणि खालची बॉबिन यांची लय चुकू नये म्हणून. दोन फिरणाऱ्या गोष्टींनी एकमेकींची साथ सोडू नये, हीच गरज तिथेही होती. तिथून तो मोटारीच्या इंजिनात आला १९६२ साली. बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावची ग्लास ही कंपनी मुळात शेतीची यंत्रं बनवणारी. पुढे तिने स्कूटर आणि छोट्या मोटारी काढल्या. तिची ग्लास १००४ ही मोठ्या संख्येने बनलेली, दात्यांच्या पट्ट्यावर कॅम फिरवणारी पहिली गाडी. ग्लास १९६६मध्ये बीएमडब्ल्यूने विकत घेतली. त्याच वर्षी इटलीत फियाटने ऑरेलिओ लांप्रेदी यांनी आखलेलं दोन कॅमचं इंजिन पट्ट्यावर चालवलं, आणि मग युरोप-जपानच्या छोट्या गाड्यांत हा पट्टा सर्रास दिसू लागला. हलका, स्वस्त, आवाज न करणारा, आणि तेलात बुडवून ठेवायची गरज नसलेला.

आपल्याकडे तो मारुतीबरोबर आला असं म्हणायला हरकत नाही. त्याआधी रस्त्यावर होत्या त्या पद्मिनी आणि अँबॅसडर. त्यांचा कॅम खाली, ब्लॉकमध्ये, क्रँकच्या शेजारीच असायचा. दोघांमधलं अंतर वीतभर, त्यामुळे छोटीशी चेन पुरायची. वरच्या व्हॉल्व्हपर्यंत दाब पोचवायला लांब सळया असायच्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीच्या किल्ल्या हरपाल सिंग यांच्या हातात दिल्या, त्या गाडीचा कॅम मात्र डोक्यावर होता. खालून वरपर्यंत फिरणं न्यायला तिथे लांब पट्टा आला. पद्मिनी-अँबॅसडरवर हात बसलेल्या मिस्त्रींना ही गोष्ट नव्याने शिकावी लागली. काकांनी तो काळ जवळून पाहिलेला. ‘आमच्या बसच्या इंजिनात टायमिंगला गिअर असतात,’ ते म्हणाले. ‘लोखंडाला लोखंड. त्याला मुदत नसते. त्यामुळे रबराच्या पट्ट्यावर इंजिन चालतं हे सुरुवातीला आमच्यातल्या कित्येकांना पटतच नव्हतं.’

पुढे वारं पुन्हा फिरलं. मारुतीच्याच के-सीरिज इंजिनांत चेन परत आली, आणि आज नव्या छोट्या पेट्रोल गाड्यांत चेनच जास्त दिसते. मारुती ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्ये थांबलं. तेच एफ-८-बी इंजिन घेऊन ओम्नी मात्र २०१९पर्यंत निघत होती. म्हणजे हा पट्टा बदलण्याची गरज पुढची कित्येक वर्षं राहणार, आणि तो नीट बदलणारे हात मात्र कमी होत जाणार.

नाना पेठेत

सामान आधीच्या आठवड्यात आणलं होतं. पुण्यात मोटारीचे सुटे भाग म्हटलं की नाना पेठ. एकेका दुकानात एकेका कंपनीचा माल, फळीवर छतापर्यंत खोकी, आणि काउंटरपलीकडे असा माणूस की ज्याला गाडीचं नाव आणि साल सांगितलं की तो शिडीवर चढायला लागतो. ताईंच्या यादीत बेल्ट होता, टेन्शनर होता, कॅमचं आणि क्रँकचं ऑइल सील होतं, आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग.

‘बेल्टच बदलायचाय ना?’ दुकानदाराने विचारलं. ‘मग बाकीचं कशाला?’

हे काकांनी बजावून ठेवलेलं होतं. बेल्टपर्यंत पोचायला अर्धा दिवस जातो. टेन्शनर हा एक छोटा बेअरिंग असलेला रोलर. तो अडकला तर नवा बेल्टही जळतो. सील पाझरलं तर नवा बेल्टही भिजतो. बेल्टसकट हे सगळं सामान गाडीला पेट्रोल भरायच्या एका खेपेएवढ्या पैशांत बसतं. ज्या इंजिनांत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो किंवा त्याच्या आड बसलेला असतो, तिथे पंपही याच वेळी बदलण्याचा प्रघात आहे, तो याच हिशेबाने. मेहनत एकदाच.

बेल्ट निवडताना दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली. एक बरंच स्वस्त. ताईंनी दोन्ही बेल्ट बाहेर काढायला लावले, पाठीवरचा छापील क्रमांक वाचला, दातांवरचं कापड बोटाने तपासलं. स्वस्त बेल्टवर छपाई पुसट होती, कापडाची कड सुटलेली. महागाचा घेतला. जिथे वाचलेले शंभर-दोनशे रुपये अख्खं हेड उतरवायला लावू शकतात, तिथे काटकसर करू नये असं मलाही वाटतं. दुकानदारानेही शेवटी तेच सुचवलं: ‘तुम्ही घरी करणार म्हणताय, मग चांगलाच न्या. परत उघडायला लागू नये.’

वाकलेले व्हॉल्व्ह

बेल्ट तुटला तर काय होतं हे पाहायला मी मुंबई-पुणे रस्त्यावर कासारवाडीतल्या एका गॅरेजमध्ये गेलो. मालक पंचविशीत असताना त्यांनी ते सुरू केलं, आता मुलगाही हाताशी आहे. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी मूठभर व्हॉल्व्ह काढून टेबलावर ठेवले. सपाट फरशीवर घरंगळवले तर चांगला व्हॉल्व्ह सरळ जातो. यातला एकही सरळ जात नव्हता. मग एक पिस्टन दाखवला. त्याच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या कडेची अर्धगोल खूण खोल उमटलेली.

पट्टा तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो. त्या क्षणी काही व्हॉल्व्ह उघडे असतात, म्हणजे सिलिंडरमध्ये खाली उतरलेले. क्रँक मात्र गाडीच्या वेगाने अजून फिरतोच आहे, आणि पिस्टन वर येतोच आहे. दोघांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. काही इंजिनांत मुळातच एवढी मोकळी जागा ठेवलेली असते की पट्टा तुटला तरी टक्कर होत नाही. गाडी बंद पडते, ओढून आणायची, नवा पट्टा चढवायचा, झालं. पण जास्त दाबाच्या इंजिनांत ही मोकळीक परवडत नाही. डिझेलमध्ये तर पिस्टन वर आला की हेड आणि पिस्टन यांच्यात जागाच उरत नाही, कारण ठिणगीशिवाय डिझेल पेटवायला हवा तेवढी दाबावी लागते.

‘इंडिका यायच्या,’ गॅरेजवाले म्हणाले. ‘टॅक्सीच्या. धंदा थांबायला नको म्हणून मुदत टळून गेली तरी चालवायचे. मग हायवेवर तुटायचा. ड्रायव्हरचा फोन आला की मी पहिलं सांगायचो, परत सेल्फ मारू नका. जेवढे वाकलेत तेवढेच राहू देत.’

हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. पट्टा तुटलेली गाडी चालू करायचा प्रयत्न माणूस करतोच. सेल्फ मारला की इंजिन नेहमीपेक्षा सैल, भरकन फिरतं, म्हणून तो आणखी मारतो. सैल फिरण्याचं कारण हे की व्हॉल्व्ह हलतच नाहीत आणि दाब तयार होत नाही. असा आवाज आला तर चावी काढून घ्यायची आणि गाडी ओढून न्यायची, एवढं तरी प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

मधला बोल्ट

सांगवीच्या अंगणात प्लग निघाले, अल्टरनेटरचा बेल्ट निघाला. प्लग काढून ठेवले की क्रँक हाताने फिरवणं सोपं जातं, कारण सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नाही. आता क्रँकची पुली काढायची होती, आणि तिचा मधला बोल्ट हलत नव्हता.

घरच्या कामात माणसं इथे माघार घेतात. बोल्ट उलटा फिरवायला गेलं की क्रँकच फिरतो. ताईंनी गाडी चौथ्या गिअरमध्ये घातली आणि वडिलांना हाक मारली. ते काठी टेकत आले, स्टिअरिंगमागे बसले आणि ब्रेकवर पाय रोवला. बोल्टवर आधी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. गोटी पूर्ण बसल्याची खात्री करून तिने हँडलवर पाइप चढवला आणि झटका न देता वजन टाकत गेली.

‘धक्का देऊ नकोस,’ काका म्हणाले. ‘दाबत राहा. सुटेल.’

कडकन आवाज झाला, आणि क्षणभर तिचा चेहरा उतरला; बोल्ट तुटला की काय? तुटला नव्हता, सुटला होता. वडील आतून म्हणाले, ‘सोडू का ब्रेक?’

पुली आली, कव्हर आलं, आणि पट्टा पहिल्यांदा उजेडात दिसला. पाठीवर बारीक आडव्या भेगा. खालच्या पुलीपाशी एका कडेला तेलाचा ओला काळा पट्टा. म्हणजे क्रँकचं सील पाझरत होतं, आणि ते आधीच आणून ठेवलेलं होतं. काकांनी काही न बोलता फक्त त्या जागेवर बोट ठेवलं.

एक दात

गिअर पुन्हा न्यूट्रलमध्ये टाकला. क्रँक हळूहळू, इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवत तिने खालच्या पुलीवरची खूण इंजिनावरच्या खुणेसमोर आणली. उलटं फिरवायचं नाही, हा नियम. उलट्या दिशेने सैल बाजू आणि ताठ बाजू बदलतात, आणि पट्टा दात सोडू शकतो. खालची खूण जुळली की वरच्या, कॅमच्या पुलीवरची खूण आपल्या जागी यायला हवी. ती आली नव्हती.

ताईंनी टॉर्च धरली, मान वाकडी करून पाहिलं. वरची खूण थोडी मागे होती. एक पूर्ण फेरा पुन्हा फिरवला. आता कॅमची खूण पार दुसऱ्या टोकाला. आणखी एक फेरा. पुन्हा तेवढीच मागे.

‘काका, एक दात.’

काका खाली बसले. त्यांनी स्वतः पुन्हा फिरवून पाहिलं, खालची खूण किंचितही इकडेतिकडे नाही याची खात्री केली, मग वर पाहिलं. ‘मागच्या वेळी ज्याने बसवला त्याने एक दात मागे बसवलाय,’ ते म्हणाले. ‘गाडी चढाला ओढत नाही म्हणत होतीस ना?’

सूसच्या खिंडीत गाडी दम सोडते ही तिची जुनी तक्रार होती, आणि ती गाडीच्या वयावर टाकली जात होती. एका दाताने किती फरक पडतो? कॅमच्या पुलीला जितके दाते, त्यांनी ३६०ला भागायचं. ४० दात्यांची पुली धरली तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, आणि क्रँकच्या हिशेबात १८. व्हॉल्व्ह एवढे उशिरा उघडले-मिटले की कमी फेऱ्यांवर ताकद जाते, कारण पिस्टन दाबायला वर निघाला तरी आत घेणारा व्हॉल्व्ह अजून उघडा असतो आणि घेतलेली हवा परत ढकलली जाते. गाडी सुरू होते, सपाटीला चालते, पेट्रोल जास्त खाते, चढावर गळाठते. अशी गाडी वर्षानुवर्षं चालवता येते.

इथे कामाची पद्धत मला नीट समजली. घरी बेल्ट बदलणारे पुष्कळ जण एक युक्ती वापरतात: जुना पट्टा काढण्याआधी पट्ट्यावर आणि दोन्ही पुल्यांवर पांढऱ्या रंगाची टिंबं लावायची, दाते मोजायचे, आणि नव्या पट्ट्यावर तीच टिंबं उतरवून तसाच चढवायचा. युक्ती उपयोगी आहे. ताईंनीही टिंबं लावली होती, फोनवर फोटो काढले होते. पण टिंबं सांगतात ती आधीची स्थिती. ती बरोबर होती की नाही, हे फक्त कारखान्यात पाडलेल्या खुणा सांगतात. टिंबांवर विसंबली असती तर तिने नव्या पट्ट्यावर जुनीच चूक उतरवली असती.

टेन्शनर सैल केला, जुना पट्टा उतरला. जुना टेन्शनर काकांनी कानाशी धरून बोटाने फिरवला आणि माझ्या कानाशीही धरला: आत घरघर होती. नवा तसाच फिरवला, त्याचा आवाजच नाही. सील बदलायला सगळ्यात जास्त वेळ गेला. जुनं सील काढताना शाफ्टवर ओरखडा उठला तर नवं सीलही पाझरतं, म्हणून ताई पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळून मिलिमीटर-मिलिमीटरने ते उचलत होती. नव्याच्या ओठाला तेलाचं बोट लावलं, आणि मोठी गोटी टेकवून हलक्या ठोक्यांनी चारी बाजूंनी सारखं आत बसवलं. यात बोलण्यासारखं काही घडत नव्हतं, आणि कुणी बोललंही नाही.

मग टॅपेटचे स्क्रू सैल करून कॅम मोकळा फिरेल असा केला, त्याची खूण जागेवर आणली, खालची खूण पुन्हा तपासली आणि नवा पट्टा हातानेच चढवला. पाठीवरचा बाण फिरण्याच्या दिशेला. ताठ राहणारी बाजू आधी खेचून घ्यायची, जी काही ढील असेल ती टेन्शनरच्या बाजूला येऊ द्यायची. टेन्शनरची स्प्रिंग पट्ट्याला किती ताणायचं ते स्वतः ठरवते. माणसाने तिथे जोर लावायचा नसतो. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, म्हणजे ढील निघून गेली, आणि मगच टेन्शनर टॉर्क पान्याने आवळला.

हे दोन फेरे म्हणजे या कामाची परीक्षा. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा पुन्हा आपापल्या जागी आल्या पाहिजेत. मध्ये कुठे काही अडलं, तर हातावर जोर वाढवायचा नाही, थांबायचं. हाताने फिरवताना व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला तर नुसतं अडतं; सेल्फने फिरवताना तेच वाकतं. ताईंनी फिरवलं. खाली खूण जुळली. वर टॉर्च टाकली. जुळली. काकांनी तिच्याकडून पाना घेतला आणि आणखी दोन फेरे स्वतः फिरवले. पुन्हा जुळली.

डिस्ट्रिब्युटर

सगळं परत बसवून, टॅपेटमधली फट फिलर गेजने लावून गाडी चालू केली तेव्हा ती लगेच पेटली. पण अॅक्सिलरेटर दाबला की आत टकटक यायची. वडिलांनी खुर्चीतूनच ओळखलं. ‘नॉक करतेय.’

काकांना ते अपेक्षित होतं. या इंजिनात ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो. कॅम एक दात मागे होता तेव्हा ठिणगीही मागे पडत होती. कुणीतरी कधीतरी, मूळ दोष न शोधता, डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवून ती जुळवून घेतली होती. आता कॅम जागेवर आल्यावर ठिणगी गरजेपेक्षा आधी पडू लागली. एका चुकीवर बसवलेली दुसरी चूक पहिली निघाल्यावर उघडी पडली.

काकांनी टायमिंग लाइट आणला होता. पहिल्या प्लगच्या वायरला त्याचा चिमटा लावला, फ्लायव्हीलच्या खिडकीवरचं रबरी बूच काढलं आणि लाइट आत धरला. प्रत्येक ठिणगीसरशी लाइट लुकलुकतो, त्यामुळे फिरत्या चाकावरची खूण थांबल्यासारखी दिसते. ताई डिस्ट्रिब्युटर किंचित किंचित मागे फिरवत गेली. काका ‘अजून… अजून… बस’ म्हणाले. तिने नट आवळला. टकटक गेली.

ठेवायची की काढायची

दुपारी जेवताना विषय निघाला तो गाडी ठेवण्याचा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत नेऊन नूतनीकरण. एप्रिल २०२२च्या आधी त्याची फी ६०० रुपये होती, ती ५००० झाली. ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी ती १० हजारांवर गेली. शिवाय पर्यावरण कर. या गाडीचं पुढचं नूतनीकरण २०२८मध्ये येईल.

जुन्या गाड्यांचा धूर, त्यांत नसलेल्या एअरबॅग, हे आक्षेप खरे आहेत. ताईंनीही ते नाकारले नाहीत. ती हमरस्त्यावर ही गाडी काढत नाही. पण नीट राखलेली, कमी चालणारी छोटी गाडी आणि हेळसांड झालेली गाडी यांत फरक करणारी व्यवस्था हवी, आणि तो फरक वर्षांच्या संख्येत दिसत नाही, हे माझं मत त्या अंगणात पक्कं झालं. एक दात मागे बसलेला पट्टा पेट्रोल वाया घालवत होता, धूर वाढवत होता. तो चुकीचा बसवला गेला तेव्हा गाडी आजच्यापेक्षा तरुण होती. तो दोष ज्या बाईने शोधला तिने पैशांबरोबर एक अख्खा दिवस दिला, आणि त्याआधी कित्येक संध्याकाळी मॅन्युअल वाचण्यात घालवल्या.

घरी हे काम करावं का? मारुती ८००सारखं, हात आत जाईल एवढी जागा असलेलं, खुणा स्पष्ट असलेलं साधं इंजिन असेल, शेजारी एक जाणता माणूस असेल आणि दुसऱ्या दिवशी गाडीची गरज नसेल, तर करावं. मॅन्युअल त्याच इंजिनाचं हवं. घाई असेल तर करू नये.

बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर ताईंनी तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. तेवढ्यात फाटकातून समोरच्या बंगल्यातले गृहस्थ आत आले. ते दुपारपासून गच्चीतून बघत होते. त्यांच्याकडे डिझेल इंडिका आहे, दहा वर्षांत पट्टा बदललेला नाही. पुढच्या रविवारी तीही अशीच करून टाकू या का, असं त्यांनी विचारलं. सामान ते आणतील, चहा-जेवण त्यांच्याकडे.

काकांनी हात पुसले. ‘नाही करणार,’ ते म्हणाले. ‘तुमच्या गाडीत तोच पट्टा डिझेलचा पंपही फिरवतो. तीन ठिकाणच्या खुणा जुळवायच्या, लॉक करायच्या पिना लागतात, त्या माझ्याकडे नाहीत. थोडं चुकलं तर हेड जाईल.’ त्यांनी कासारवाडीच्या त्या गॅरेजचा नंबर फोनमधून काढून दिला.

‘बरं, मग या आठवड्यात नेतो चालवत.’

‘चालवत नाही,’ काका म्हणाले. ‘दहा वर्षं झालीत. ओढून न्या.’